संत्र्याच्या बागेत चिलेट: खरंच लागतं, की हा दुकानदाराचा बहार?

काळीमाती

मंडळी, काटोल-नरखेड-कळमेश्वर पट्ट्यात आंबिया बहाराची नवती (नवी पालवी) निघाली आहे आणि कृषी केंद्रात 'चिलेटेड' लिहिल्याशिवाय डबा मिळत नाही. झिंक चिलेटेड, फेरस चिलेटेड, आता बोरॉनही चिलेटेड. उद्या पाणीही चिलेटेड विकतील.

चर्चा हवेत नको म्हणून आकडे देतो. भारी काळी जमीन, पीएच ८.३, मुक्त चुना ११ टक्के. माती परीक्षणाच्या डीटीपीए चाचणीत झिंक ०.४५ आणि लोह ३.८ पीपीएम. झाडं ९ वर्षांची, जंभेरी खुंट, ठिबक. नव्या पानांचा रंग पिवळा, शिरा हिरव्या. दुकानातला सल्ला: फेरस ईडीटीए (लोहाचं चिलेट) एकरी १ किलो ठिबकमधून सोडा.

माझं मत: पैसे मातीत जातील. हिराकस (फेरस सल्फेट) आणि झिंक सल्फेट शेणखतात मुरवून दिलं की काम होतं. पटत नसेल तर खोडून काढा, पण कारणासकट.

टायट्रेशन

अर्धं बरोबर, अर्धं चूक. दुकानदाराचंही आणि तुमचंही.

चिलेट म्हणजे धातूला धरून ठेवणारं रसायन; हा शब्द खेकड्याच्या नांगीवरून आलाय. ईडीटीएचा एक रेणू धातूच्या एका आयनाला सहा ठिकाणी पकडतो. पण ही नांगी कोणा एकाशी लग्न लावून बसलेली नसते. पकडीची ताकद स्थिरांकाच्या लॉगमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी पकड घट्ट: कॅल्शियम १०.७, झिंक १६.५, शिसं १८, तांबं १८.८, फेरिक लोह २५.१. हे वाचून वाटेल की लोह कधी सुटणारच नाही. गोम पीएचमध्ये आहे. ८.३ ला सुटं फेरिक लोह पाण्यात जवळजवळ राहतच नाही, हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. समोर चुन्याच्या जमिनीत कॅल्शियमचे ढीग पडलेले. हळूहळू नांगी कॅल्शियम धरते आणि लोह गंजासारखं मातीत पडून राहतं. म्हणून ढोबळ नियम असा: लोहासाठी ईडीटीए साधारण पीएच ६.५ पर्यंत, डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत, त्यापुढे फक्त ईडीडीएचए (ही दोन्हीही ईडीटीएसारखीच चिलेटं). तुमच्या ८.३ च्या जमिनीत फेरस ईडीटीए सोडणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

झिंकचं मात्र वेगळं आहे. ईडीटीए झिंकला चुनखडीच्या जमिनीतही बऱ्यापैकी धरून ठेवतं. त्यामुळे 'ईडीटीए म्हणजे फसवणूक' असं सरसकट म्हणू नका.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे लोहानं सोयरीक मोडली की नांगी लगेच चुन्याच्या घरी नांदायला जाते. काहून जात नाही, कॅल्शियमकडं शेती जास्त हाय ना भाऊ.

नवती

डब्याआधी निदान. नव्या पानांवर शिरांची हिरवी जाळी आणि मधला भाग पिवळा, तर लोह. पानं बारीक, अरुंद, टोकदार, पेरं आखूड होऊन पानांचा झुबका, तर झिंक. जुन्या पानाच्या देठाकडे उलटा 'व्ही' हिरवा उरला तर मॅग्नेशियम. जुनं पान अख्खं फिकट, तर नत्र. पानाच्या दोन्ही अर्ध्यांवर पिवळे डाग वेगवेगळे, जुळत नसतील, तर ग्रीनिंग रोगाची शंका घ्या. हे डाग झिंकसारखे दिसतात आणि लोक दोन-दोन वर्षं झिंकच मारत बसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ बघा. खोडापासून दीड-दोन फुटांवर फूटभर खणा आणि केसासारखी बारीक मुळं चिमटीत ओढा. साल मोज्यासारखी निघून आत पांढरा दोरा उरला तर फायटोफ्थोरा बुरशीनं मूळ कुजलंय. खोडाला डिंक्या आहे का तेही पाहा. पाणी साचून मुळं गुदमरली असतील तर कुठलंही चिलेट द्या, घेणार कोण? आधी चर काढा, पाणी तोडा.

आणि एक फुकटची चाचणी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, १ ग्रॅम लिंबूसत्व, शाम्पूचा एक थेंब. रंगाच्या ब्रशनं पिवळ्या पानाच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर हे लावा, फांदीला दोरा बांधून ठेवा. ८-१० दिवसांत डावा अर्धा हिरवा आणि उजवा पिवळाच राहिला, तर कमी लोहाचीच. झिंकसाठी वेगळ्या फांदीवर तसंच करा.

काळीमाती

@नवती, ब्रशची चाचणी झकास. पण मग फवारणीच करू की, मुळाची भानगड कशाला?

नवती

कारण लोह पानात जिथं पडतं तिथंच राहतं, दुसऱ्या पानात जात नाही. फवाऱ्याचा थेंब जिथं बसला तिथं हिरवा ठिपका, बाजूला पिवळंच. पुढची नवती पुन्हा पिवळी निघणार. लोहाची फवारणी म्हणजे उसनवारी.

बहारवाला

थोडा विरोध नोंदवतो. इथं सगळे सल्फेटचं कौतुक करतील, पण फवारणीत चिलेटचे फायदे आहेत. पान जळत नाही, पंप चोंदत नाही, १२:६१:०० किंवा ००:५२:३४ या स्फुरदाच्या खतांसोबत एकाच टाकीत चालतं. झिंक सल्फेट आणि स्फुरद एकत्र केलं की झिंक फॉस्फेटचा पांढरा गाळ तळाशी. मजुराला 'चुन्याची निवळी घे, गाळ, मग मिसळ' हे शिकवण्यापेक्षा डबा परवडतो.

प्रयोगशाळा_काकू

बहारवाला, सोयीचं मान्य, हिशेब अमान्य. १० लिटरच्या टाकीत बघा. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट २१ टक्क्यांचं, अर्धा टक्का म्हणजे ५० ग्रॅम, त्यात झिंक १०.५ ग्रॅम. झिंक ईडीटीए १२ टक्क्यांचं, लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० ग्रॅम, त्यात झिंक १.२ ग्रॅम. जवळजवळ नववा हिस्सा! चिलेट पानात थोडं सोपं शिरतं हे धरलं तरी नऊपट नाही. जमिनीत चिलेटची किंमत आहे, कारण तिथं झिंकचे शत्रू आहेत. पानावर चुना कुठून आला?

सल्फेटची फवारणी अशी: ५० ग्रॅम झिंक सल्फेट वेगळ्या बादलीत विरघळवा. २५ ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत भिजवून निवळी गाळा. मग झिंकच्या पाण्यात निवळी हळूहळू ओता, उलट नको. एकूण पाणी १० लिटर. चुना आम्लता मारतो, म्हणून पान जळत नाही. मोनोहायड्रेट ३३ टक्क्यांचं असतं, ते घेतलं तर ३०-३२ ग्रॅमच. पिशवीवरची टक्केवारी न वाचता ५० ग्रॅम टाकलं की कोवळी पानं करपतात आणि दोष 'सल्फेट'वर जातो. नवतीची पानं दोन तृतीयांश वाढली की सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारा. फुलं उमललेली असताना नको.

माती परीक्षणाबद्दलही एक गंमत. तो जो 'डीटीपीए झिंक' आकडा आहे, तोही चिलेटनंच काढलेला. १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, पीएच ७.३, दोन तास हलवायचं. नांगीला जेवढं सापडलं तेवढं मुळालाही सापडेल असं गृहीत धरायचं. मर्यादा झिंक ०.६, लोह ४.५, मँगनीज २, तांबं ०.२ पीपीएम. काळीमातींचे दोन्ही आकडे खाली आहेत. फक्त नमुना लोखंडी फावड्यानं आणि गॅल्व्हनाइज्ड घमेल्यात घेतला नव्हता ना? लोह आणि झिंक तिथूनच मिसळतं. लाकडी खुरपी, प्लास्टिकची बादली वापरा.

जंभेरी

डब्यात खरंच चिलेट आहे का, हे घरी पाहता येतं. काचेच्या पेल्यात पाव चमचा झिंकची पूड विरघळवा, वरून धुण्याच्या सोड्याचं पाणी चमचाभर. साधं सल्फेट असेल तर लगेच दह्यासारखा पांढरा साका धरतो. खरं झिंक ईडीटीए असेल तर पाणी स्वच्छ राहतं.

लोहासाठी धुण्याचा सोडा फार तिखट पडतो, खायचा सोडा वापरा. हिराकस असेल तर आधी हिरवट, मग घटकाभरात गंजाच्या रंगाचा गाळ. फेरस ईडीटीए पिवळसर, स्वच्छ. ईडीडीएचएचं पाणी रक्तासारखं लाल. सोड्यात रात्रभर ठेवलं तरी लालच राहतं. त्याच्या पुडीचा डाग हाताला लागला की दोन दिवस जात नाही, हातमोजे घाला. ईडीडीएचए घेताना डब्यावर 'ऑर्थो-ऑर्थो' किती टक्के हे वाचा. एकूण लोह ६ टक्के असलं तरी चुन्यात टिकून राहणारं तेवढंच.

ही चाचणी 'चिलेट आहे' एवढंच सांगते, 'किती आहे' ते नाही. त्यासाठी लॅब.

टायट्रेशन

@जंभेरी +१. आणि 'चिलेटेड बोरॉन'वर हसून घ्या. बोरॉन पाण्यात बोरिक आम्ल किंवा ऋणभारी बोरेट म्हणून असतं. ईडीटीएची नांगी धनभारी धातूंसाठी आहे. बोरॉन इथेनॉलअमाइन नावाचं चांगलं उत्पादन असतं, पण ते ईडीटीए चिलेट नव्हे. डब्यावर 'बोरॉन ईडीटीए' दिसलं तर छापणाऱ्याला रसायनशास्त्राचं पुस्तक भेट द्या.

मिश्रणात आणखी एक चूक: झिंक ईडीटीएच्या टाकीत मोरचूद (कॉपर सल्फेट). वरचे आकडे बघा, तांबं १८.८, झिंक १६.५. तांबं नांगी बळकावतं आणि झिंक बाहेर. बोर्डो मिश्रणात तर चुनाही आला. बोर्डो वेगळं, चिलेट वेगळं, मध्ये आठवडाभर अंतर.

सावजी_रस्सा

अवांतर: ग्लायफोसेटही चिलेट करतं ना? बोअरचं जड पाणी वापरलं की तण मरत नाही म्हणतात.

टायट्रेशन

हो. त्याचं पहिलं पेटंट १९६४ चं, धातू पकडणारं रसायन म्हणूनच; तणनाशक हा गुण नंतर कळला. जड पाण्यातला कॅल्शियम त्याला धरून बसतो. म्हणून टाकीत आधी अमोनियम सल्फेट, १ ते २ टक्के, मग तणनाशक. त्यात झिंक-लोह मिसळणं म्हणजे दोन्ही वाया. शिवाय संत्र्याच्या कोवळ्या खोडावर उडालं तर झिंकच्या कमतरतेसारखीच अरुंद पानं येतात. निदानाचा घोळ आणखी वाढतो.

नवतपा

पाण्याचा विषय निघालाच आहे तर कूलर! नागपुरात मे महिना आणि कूलरच्या ताटीवर पांढरा थर. लिंबूसत्व टाकीत टाकायचा सल्ला फिरतोय. बरोबर आहे का?

प्रयोगशाळा_काकू

टाकीत अजिबात नको! पत्र्याच्या टाकीवर जस्ताचा मुलामा असतो. लिंबूसत्व क्षाराबरोबर तोही खातं. पंधरा दिवसांत गंज. टिल्लू पंप प्लगमधून काढा, पंपाची जाळी आणि आतला छोटा पंखा वेगळा करा, प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, त्यात तासभर बुडवा. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. फेस थांबला की साफ झालं. मोटरचा भाग बुडवू नका. वुडवुलच्या ताट्या थर धरल्यावर बदला, त्यांना आंघोळ घालण्यात अर्थ नाही. आणि लिंबूसत्वाबरोबर ब्लीचिंग पावडर कधीही नको, क्लोरीन वायू निघतो.

धरमपेठी

धागा भरकटतोय तर मीही ढकलतो. 'चिलेशन थेरपी, ३० सलाईनमध्ये हृदयाचे ब्लॉकेज विरघळतात' असं पत्रक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय. तोच ईडीटीए ना? संत्र्यात नाही चालत, हृदयात चालतो?

औषधवाला

तोच. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं चुकीची किंमत पानं पिवळी पडण्यापेक्षा मोठी आहे.

चिलेशन हे खरं औषध आहे, पण विषबाधेचं आणि धातूच्या साठ्याचं. मुलाच्या रक्तात शिसं ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर डीएमएसए हे शिसं पकडणारं औषध: १० मिलिग्रॅम प्रति किलो, दिवसातून तीनदा ५ दिवस, मग दोनदा १४ दिवस. मेंदूवर परिणाम झाला असेल तर दवाखान्यात आधी बीएएल (दुसरं चिलेट औषध), चार तासांनी कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. क्रम उलटा झाला तर शिसं मेंदूत ढकललं जाण्याचा धोका. आणि शिशाचा स्रोत घरात तसाच असेल तर कोर्स संपताच आकडा परत वर.

नावातला 'कॅल्शियम' शब्द जीव वाचवतो. कॅल्शियम आधीच भरलेली नांगी रक्तातला कॅल्शियम ओढत नाही, शिसं दिसलं की कॅल्शियम सोडून ते धरते. साधं डायसोडियम ईडीटीए रिकामी नांगी घेऊन रक्तात जातं, कॅल्शियम ओढतं आणि हृदय थांबू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान याच कारणानं तीन मृत्यू नोंदले गेले, त्यात दोन लहान मुलं. २००८ मध्ये तिथं डायसोडियम ईडीटीएची मान्यता काढली.

आता ब्लॉकेज. २०१३ मध्ये १,७०८ हृदयरुग्णांवरच्या टॅक्ट चाचणीत थोडा फायदा दिसला, विशेषतः मधुमेहींत. म्हणून फक्त मधुमेह आणि आधी झटका आलेल्या सुमारे १,००० जणांवर दुसरी चाचणी झाली. २०२४ मध्ये निकाल आला: रक्तातलं शिसं उतरलं, पण झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. पत्रकातलं 'विरघळतात' तिथंच संपलं.

धरमपेठी

धन्यवाद. ग्रुपवर टाकतो, शिव्या तुमच्या नावे.

औषधवाला

चालतंय. विदर्भाच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं राहिलंच. थॅलेसेमिया आणि वारंवार रक्त लागणारे सिकलसेलचे रुग्ण. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, शरीर दिवसाला १-२ मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. १०-२० पिशव्यांनंतर, किंवा फेरिटिन (रक्तातला लोहसाठ्याचा आकडा) १,००० च्या वर टिकून राहिलं की चिलेशन सुरू करतात. नाहीतर लोह यकृतात आणि हृदयात बसतं. त्यासाठी डेफेरासिरॉक्स गोळी दिवसातून एकदा. पाण्यात विरघळणारी रिकाम्या पोटी. विरघळणारी गोळी आणि साधी गिळायची गोळी यांचे डोस वेगळे असतात, ब्रँड बदलताना इथंच चूक होते. क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, किडनीला त्रास होतो. लोह काढणारी दुसरी गोळी डेफेरिप्रोन, तिच्यावर असताना ताप आला तर गोळी थांबवून लगेच रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्या अचानक घसरू शकतात. लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

आन् लोहाच्या गोळीवर चहा?

औषधवाला

तो घरगुती चिलेटच. चहातलं टॅनिन लोह धरतं, दोन तास अंतर ठेवा. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेतलं की कॅल्शियम औषधाला धरतो आणि औषध पोटातच राहतं. 'ताकत येईल' म्हणून दुधासोबत अँटिबायोटिक देणाऱ्या आज्या इथंही फसतात.

टायट्रेशन

एक धोका राहिला. ईडीटीए मातीत-पाण्यात लवकर कुजत नाही. पिकानं धातू घेतला तरी नांगी मोकळी फिरते, वाटेत शिसं-कॅडमियम भेटलं तर त्यांना विरघळवून खाली भूजलाकडे नेते. सांडपाणी किंवा गाळ वापरलेल्या जमिनीत ईडीटीए जपून. साबण-डिटर्जंटमध्ये त्याऐवजी एमजीडीए, जीएलडीए आलेत, ते कुजतात.

काळीमाती

मंडळी, हृदय, कूलर, चहा सगळं झालं. माझी झाडं अजून पिवळीच आहेत. ८.३ ला करायचं काय ते एका जागी सांगा.

जंभेरी

आधी नवतींनी सांगितलेलं मूळ आणि ब्रश. दोन्ही नीट निघालं की पुढचं.

लोहासाठी ईडीडीएचए, तुमच्या वयाच्या झाडाला ५० ते ७५ ग्रॅम, दोन हप्त्यांत, नवती सुरू होतानाच. जमीन ओली हवी. ठिबकमधून सोडताना पाळीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, नंतर नळी धुण्यापुरतं १५ मिनिटं साधं पाणी. जास्त पाणी सोडलंत तर चिलेट मुळाखाली निघून जातं. म्हणूनच पावसाळ्याच्या धारेतही नको. ठिबक नसेल तर झाडाच्या घेराखाली चार खड्डे, लाल पाणी ओतून लगेच मातीनं झाका, उन्हानं ते फुटतं. सगळ्या बागेला नको, दोरा बांधलेल्या पिवळ्या झाडांनाच द्या. महाग आहे.

झिंकसाठी काकूंची सल्फेटची फवारणी, नवतीला दोनदा, १५ दिवसांनी. आणि तुमचं शेणखत: झिंक सल्फेट झाडामागे २०० ग्रॅमच्या आसपास, दहापट शेणखतात ओलसर करून ८-१० दिवस मुरवून, आळ्यात. सेंद्रिय आम्लं तेच नांगीचं काम स्वस्तात करतात, फक्त पकड कमजोर. लोहाला मात्र ११ टक्के चुन्यात हे पुरत नाही. तिथं तुमचं मत खोडलं बरं का भाऊ.

प्रयोगशाळा_काकू

पाण्याचं राहिलं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ५ मिलिइक्विव्हॅलंट, असेल तर चिलेट दिलं तरी मूळ लोह नीट घेत नाही. फवारणीच्या २०० लिटर ड्रमला ६०-७० ग्रॅम लिंबूसत्वापासून सुरुवात करा, पट्टीवर पीएच ६ च्या जवळ आला की थांबा. सल्फेट-चुन्याच्या टाकीत मात्र हे नको, एकमेकांना मारतील.

काळीमाती

खोडलं ते मान्य. उद्या ब्रश घेऊन उतरतो. पाण्याचा नमुना कशात आणू? घरात कोल्ड्रिंकच्याच बाटल्या आहेत.

प्रयोगशाळा_काकू

चालेल, पण कोल्ड्रिंकमध्ये सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, थेंबभर राहिलं तरी बायकार्बोनेट कमी दिसेल. त्यापेक्षा पाण्याची बाटली घ्या. बोअर दहा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरून झाकण लावा, आत बुडबुडा नको. त्याच दिवशी लॅबला. आणि बाटलीवर चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई पुसते.